जावईबापूंच्या जांभया

सोमवार, ३ तारीख

आधी हे लिही, की वही माझी आहे आणि अक्षर सूनबाईचं. मला लिहिता-वाचता येत नाही. सत्त्याहत्तर वर्षं झाली, अक्षरांनी माझं काही बिघडवलं नाही आणि मी अक्षरांचं. तेव्हा वहीत चुका निघाल्या तर त्या सूनबाईच्या, आणि शहाणपण निघालं तर ते माझं.

वहीचं कारण असं. सूनबाई पाखरांच्या-जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे. पिंजरे धुणं, औषधं पाजणं आणि वर चावे खाणं. तिथली पाखरांची खोली रंगवायला काढली आहे. रंगाच्या वासानं पाखरं दगावतात, म्हणून प्रत्येकाला एकेक पाखरू घरी वाटून दिलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आमच्या वाट्याला आलेलं घोडं माझ्या मुठीत मावतं. पाठ निळी, छाती नारिंगी, पोट पांढरं. दाट जंगलातलं पाखरू आहे, माशीमार म्हणतात. कुठल्याशा काचेवर आपटून पंख दुखावला होता, तो आता भरला. वजन तीन चमचे साखरेएवढं. मागच्या खोलीत खिडकीशी त्याचा पिंजरा टांगला आहे.

डॉक्टरीणबाईंनी सांगून पाठवलं आहे, की रोज बघा आणि लिहून ठेवा: खातो किती, उडतो कसा, आणि गातो का. सतरा तारखेला न्यायला येणार. त्याआधी लागोपाठ दहा दिवस गायला तर जंगलात सोडणार. नाही गायला तर बागेतल्या मोठ्या पिंजऱ्यात, जन्मभरासाठी. का, तर जो नर गात नाही त्याला जंगलात जागा मिळत नाही. दुसरे नर हुसकून लावतात आणि मादी तर ढुंकूनही बघत नाही.

माझा मुलगा जहाजावर, तो येणार सहा महिन्यांनी. सूनबाई पहाटे साडेपाचला जाते ती तीनला येते, आणि रंगकाम संपेपर्यंत तिला सुट्टी नाही. म्हणजे बघणार मी. चार वाजता चहा झाला की मी सांगायचं, तिनं लिहायचं. त्यातलं कामापुरतं ती डॉक्टरीणबाईंच्या कार्डावर उतरवून घेणार. बाकी वही माझी. मी म्हटलं, मग मी मनात येईल ते सांगणार, तुझ्याबद्दलसुद्धा. म्हणाली, "सांगा की. लिहिणार मी, वाचणार कोण?"

हेही लिही.

मंगळवार, ४

पाखराचं नाव जावईबापू ठेवलं. छाती काढून बसतो, काडीचं काम करत नाही आणि ताटात सगळं जिवंत लागतं. प्लास्टिकच्या डब्यात कोंडा आहे, कोंड्यात पिवळे किडे. दिवसाला वीस, चिमट्यानं एकेक वाढायचे. मेलेला किडा दिला तर आधी किड्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि पाठ फिरवतो. मानपान समजणारं पाखरू आहे.

उडतो छान. गाणं नाही.

गुरुवार, ६

दोन गोष्टी.

पहिली. उजाडलं की जावईबापूंना जांभया येतात. एक-दोन नाही, आज मी दहा मोजल्या. वरच्या काठीवर जाऊन बसतो, मान वर करतो, चोच उघडतो आणि गळा असा थरथरतो की नारिंगी पिसं विस्कटतात. मग जरा थांबतो, इकडे-तिकडे बघतो, परत तेच. आठ वाजले की बंद. दिवसभर मग एकसुद्धा नाही.

सूनबाईनं लिहिता लिहिता विचारलं, "तेव्हा आवाज काही येतो का?"

मी म्हटलं, "मी काय बहिरी आहे? आला असता तर सांगितलं नसतं?"

आमच्या थोरल्या जाऊबाई बहिऱ्या होत्या. विचारावं डाळ शिजली का, तर सांगायच्या, हो, परवाच गेला. मी त्यांना दहा वर्षं "बहिरी राणी" म्हणून चिडवलं. त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून बरं, नाहीतर माझ्या झिंज्या उपटल्या असत्या.

दुसरी गोष्ट. मागच्या खोलीत चिचुंद्री शिरली आहे. किड्यांच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं होतं. कोणाच्या हातून राहिलं ते लिहायची गरज नाही. आधी लांब नाक येतं, मग जरा वेळानं मागून बाकीची चिचुंद्री येते. भिंत धरून पळते, भिंत सोडून एक पाऊल टाकत नाही. तिचं नाव नाकाडी. माझ्या लहानपणीच्या चिचुंद्र्या पळताना चीं चीं करून घर डोक्यावर घ्यायच्या. ही मुकी आहे. चोराला तोंड नसतं म्हणतात ते खरं.

शुक्रवार, ७

जांभया चौदा.

आमचा जिना झाडायला एक बाई येते. जिनेवाली म्हणते मी तिला. हल्ली आळशी झाली आहे. सकाळी सात वाजता दाराच्या जाळीतून बघितलं तर आमच्याच दारासमोर झाडू टेकवून उभी, डोळे मिटून. उभ्या उभ्या झोपते. झाडायचं सोडून जांभया देणारे एका घरात दोन नकोत, म्हणून मी दार उघडलं. तर हसली आणि खाली पळाली.

सूनबाईचंही काहीतरी बिनसलं आहे. बेल वाजवत नाही, किल्लीनं दार उघडून चोरासारखी आत येते आणि एकदम माझ्यासमोर उभी राहते. मी दचकले तर म्हणते, "बेल वाजवली होती." बेलचं बटण बिघडलं आहे, दुरुस्त करून घे म्हटलं.

शिवाय वाचून दाखवताना पुटपुटते. मी तिला काय काय बोलले ते मनात मोजून ठेवलेलं असतं. काल एक टोमणा कमी निघाला. परत वाच म्हटलं, तर एवढ्या मोठ्यानं वाचलं की शेजारणीलाही कळलं मी काय म्हणाले ते.

रविवार, ९

जांभया सोळा आणि बारा. म्हणजे काल सोळा.

सूनबाईनं कार्डावर लिहिलं होतं, की रोज सकाळी चोच उघडतो, गळा थरथरतो, आवाज नाही. डॉक्टरीणबाईंनी घशात दुखणं असेल म्हणून पाण्यात घालायला थेंब पाठवले. कडू असावेत. जावईबापूंनी एक चोच भरली आणि मान झटकून थेंब माझ्या चष्म्यावर उडवले.

दहा दिवस मोजायचे तर उशिरात उशिरा परवा गायला हवा होता. पण सूनबाई म्हणते, दोन-चार दिवसांची सवलत मागून बघू.

सोमवार, १०

आज दिवसभर खुर्ची टाकून बसले आणि दोघांना न्याहाळलं. लिहून घे, मोठं आहे.

खाणं दोघांचं एक. किडा. पण जावईबापूंना वाढावं लागतं आणि नाकाडी स्वतः शोधते. काल तिनं न्हाणीघरातलं झुरळ धरलं, माझ्या बोटाएवढं. कुरकुरीत काहीतरी खावं तसं खाल्लं आणि मिशा पुसल्या. जावईबापूंचं वजन साखरेवर तोलता येतं. नाकाडी त्यांच्या तिप्पट, आणि वासानं दहापट. तो काठीवर सगळ्यांना दिसेल असा बसतो. ती कोणाला दिसू नये म्हणून जन्मभर भिंतीला घासत चालते. त्याचे डोळे काळ्या मण्यांसारखे, कोपऱ्यातली मुंगी हेरतात. तिचे डोळे असून नसल्यासारखे. मी समोर पाय पसरून बसले होते, तर पायावर येऊन आदळली. पण खुर्चीवर बसल्या बसल्या मी नुसता पदर सारखा केला, तर तिनं कान टवकारले. डोळ्यांचं काम ती कानांवर भागवते. त्याला बघायला माणसं जंगलात पायपीट करतात. हिला बघून माणसं खुर्चीवर चढतात.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. तो मुका ह्या बयेमुळे. खालून ही नाक वर करून फिरत असताना वर बसून गाणार कोण? सासू घरात फिरत असली की सून गुणगुणत नाही, तसं आहे ते.

सूनबाईचं पेन थांबलं. म्हणाली, "मी गुणगुणते की."

"कधी?"

"रोज. भांडी घासताना. तुम्ही तिथेच बसलेल्या असता."

"मी तर नाही कधी ऐकलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हळू गुणगुणते." आणि विचारलं, उंदराचा पिंजरा कुठे ठेवला आहे.

बुधवार, १२

उकडलेल्या अंड्याच्या तुकड्यावर नाकाडी सापडली. पिंजऱ्यात गोल गोल फिरत होती, तोंड उघडून, दात दाखवून. आवाज मात्र नाही. सकाळी जिनेवालीच्या हातात पिंजरा दिला आणि सांगितलं, मागच्या कुंपणाच्या पलीकडे सोड, आणि जरा लांब सोड. तिनं पिंजरा कानापासून लांब धरला आणि तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, बाई, वास नाकाला येतो, कानाला नाही.

जांभया अठरा.

शुक्रवार, १४

नाकाडी गेली, तरी गाणं नाही. जांभया वीस. घरात झुरळं मात्र झाली.

सूनबाईनं डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, रंगकाम झालं आहे, सतरा तारीख बदलता येणार नाही. बागेतल्या पिंजऱ्यात जागा बघून ठेवली आहे. मोठा आहे म्हणे, आत झाडसुद्धा आहे. मी विचारलं, किती झाडं? म्हणाली, एक.

जावईबापू, तोंड आहे ना तुम्हाला? मग गा की. माझ्यासाठी नको, त्या झाडासाठी नको. स्वतःच्या भल्यासाठी तरी.

शनिवार, १५

आज विशेष काही नाही. माझं डोकं दुखतं. एवढंच लिही.

रविवार, १६

काल खोटं लिहायला लावलं. डोकं दुखत नव्हतं. आज सगळं सांगते, मध्ये थांबवू नकोस.

काल सकाळी जिनेवाली परत दारासमोर उभी होती, डोळे मिटून. मी दार उघडून तिला धरलंच. म्हटलं, "अगं, रोज माझ्याच दारात झोप काय घेतेस? वरच्यांकडे पंखा चांगला आहे."

ती म्हणाली, "झोपत नाही आजी. तुमचा पक्षी ऐकते."

मी म्हटलं, "काय ऐकतेस?"

"गातो ना तो. आता पण गातोय." तिनं बोट वर केलं, थांब म्हणावं तसं. "बघा. किती बारीक. कोणी चांदीची तार ओढावी तसं. रोज इथवर आले की पाच मिनिटं थांबते, मग पुढचे मजले जड नाही जात."

मी मागच्या खोलीत गेले. जावईबापू वरच्या काठीवर. मान वर, चोच उघडी, गळा थरथरतोय. जिनेवाली माझ्या मागून आत आली होती. तिच्या तोंडाकडे बघितलं. त्यानं चोच उघडली की ती हसायची. मिटली की वाट बघायची. मी पिंजऱ्याजवळ गेले, अगदी गाल टेकवला जाळीला. काही नाही. जाळीवर बोट ठेवलं. बोटाला कळलं. मुंग्या आल्यासारखी तार थरथरत होती.

मी तिला विचारलं, "आणि ती चिचुंद्री? ती ओरडायची का?"

"अहो आजी, तुम्ही पिंजरा हातात दिलात तेव्हा तर माझे कान फाटले. चार मजल्यांना ऐकू गेलं."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना बसलेत आणि मी नाकाडीला हद्दपार केली.

काल चार वाजता तू वही उघडलीस तेव्हा माझ्या मनात काय आलं तेही लिही. आलं, की नुसतं "आज गायला" म्हणावं. कोणाला काय कळणार? पण एका दिवसानं त्याचं भागत नाही, दहा लागतात. ते दहा माझ्या जांभयांमध्ये आहेत. त्या जांभया नव्हत्या हे सांगायचं, तर मला ऐकू आलं नाही हे सांगावं लागतं. ऐंशीच्या घरात आलेल्या बाईला हे एवढं जड का जावं? पण गेलं. रात्रभर थोरल्या जाऊबाई डोळ्यांपुढे येत होत्या. आपण हसे लोकांना अन् शेंबूड आपल्या नाकाला. दुसरीही भीती होती. हिला ऐकू येत नाही, घरात एकटी ठेवायची कशी, असं तुम्ही नवरा-बायको ठरवाल आणि माझ्या राखणीला कोणी बसवाल. मला राखण नको. मीच पाखराची राखण करते आहे.

पण त्याच्या पिंजऱ्यात एकच झाड आहे.

तेव्हा लिही. माझे कान गेले आहेत. पाखरू पहिल्या दिवसापासून गातं आहे.

सूनबाईनं पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, उचल, अजून संपलं नाही. तिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"कानांचं माहीत होतं. तीनदा बेल वाजवून किल्ली काढायला लागले तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"थोरल्या सासूबाईंना तुम्ही बहिरी राणी म्हणायचात. मी बोलले असते तर मला काय काय ऐकवलं असतंत?"

"आणि पाखराचं?"

"पाखराचं नाही आलं डोक्यात," ती म्हणाली. "यायला हवं होतं, माझं कामच आहे ते. पण तुम्ही जांभई म्हणालात. तुमच्या डोळ्यांना दिसलं ते आजवर कधी खोटं निघालं नाही."

मग ती फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. उद्या सकाळी साडेसहाला डॉक्टरीणबाई स्वतः येणार.

सोमवार, १७

आल्या. खुर्चीवर बसल्या, चहा हातात तसाच. जावईबापूंनी मानपान ओळखला आणि एकवीस वेळा चोच उघडली. त्या प्रत्येक वेळी मान हलवत होत्या. जिनेवालीलाही आत बोलावलं होतं, ती दाराशी झाडू धरून पाहुण्यासारखी उभी.

मग त्यांनी वही मागितली. सूनबाई पानं उलटून दाखवत गेली. दहा, चौदा, सोळा, बारा, अठरा, वीस. त्या म्हणाल्या, "आजी, रोजची गाणी एवढी नेमकी आमच्याकडे कोणी मोजत नाही. कान असलेले ऐकतात आणि विसरतात."

मी म्हटलं, "थेंबांचं काय? आठ दिवस निरोगी पाखराला कडू औषध पाजलं तुम्ही."

सूनबाईनं मला चिमटा काढला. त्या हसल्या आणि कार्डावर काहीतरी लिहून खाली सही केली. काय लिहिलं ते मी सूनबाईला तीनदा वाचायला लावलं. "जंगलात सोडावे."

मंगळवार, १८

सोडला. दवाखान्याच्या गाडीतून गेलो, मीसुद्धा. रस्ता संपतो तिथून झाडी सुरू होते, आत ओढा आहे, तिथं. खोक्याचं झाकण मला उघडायला दिलं. वाटलं होतं, जरा थांबेल, मागे वळून बघेल. जावई कधी थांबलाय? सरळ गेला, ओढ्यावरच्या वाकलेल्या फांदीवर बसला, पिसं झाडली. मग मान वर केली आणि चोच उघडली.

मी विचारलं, "गातोय का?"

सूनबाई म्हणाली, "गातोय."

"कसं?"

तिनं विचार केला. मग माझा हात हातात घेतला आणि तळव्यावर बोटाचं टोक नाचवत नाचवत वर नेलं, पटापट, सहा-सात ठिपके, आणि शेवटचा ठिपका जरा दाबून धरला. परत गायला. परत तसंच. मी फांदीकडे बघत होते आणि हात तिच्याकडे होता.

पलीकडच्या झाडावरून दुसऱ्यानं उत्तर दिलं म्हणे. ते तिनं दुसऱ्या हातावर दाखवलं.

गुरुवार, २७

आज कानाचं यंत्र बसवलं. शेंगदाण्याएवढं आहे, दोन्ही कानांत एकेक. तपासणाऱ्या बाईनं विचारलं, कसं वाटतंय? मी म्हटलं, तुमच्या बांगड्या आधी काढा. सगळ्या जगानं पायात घुंगरू बांधलेत असं वाटतं. माझी स्वतःची चप्पलसुद्धा बोलते.

घरी आले, मागच्या खोलीत बसले. पिंजरा परत गेला आहे, खिडकीत नुसता खिळा. यंत्र आलं आणि ज्याच्यासाठी हवं होतं तो गेला. एकदा ऐकायचं होतं. असू दे. ठिपके लक्षात आहेत.

तेवढ्यात ऐकलं. चीं. मग परत, चीं चीं चीं. कपाटाखालून आधी एक नाक आलं. नाकाडी. कुंपणापलीकडून, रस्ता ओलांडून, दोन मजले चढून आली होती बया. आणि एकटी नव्हती. तिच्या शेपटीला तोंडानं धरून एक पिल्लू, त्याच्या शेपटीला दुसरं, त्याच्या मागे तिसरं, अशी माळ भिंत धरून निघाली. आई ओरडते आहे, मागची तिघं ओरडताहेत. किती घाण आवाज, माझ्या लहानपणी होता तसाच. मी पाय वर घेतले आणि माळेला वाट दिली.

झाकण उघडं ठेवलं आहे डब्याचं. हे मुद्दाम, हे लिही.

मग स्वयंपाकघरात गेले. सूनबाई पाठमोरी भांडी घासत होती. मी दारातच उभी राहिले, झाडू नसलेल्या जिनेवालीसारखी. गुणगुणते ती, खरंच. हळू बिळू काही नाही, चांगली मोठ्यानं. चाल चुकते. दुसऱ्या ओळीला वर जायचं तिथं खाली येते आणि पुढं तशीच रेटते.

बेसूर आहे. हे लिही.

हसू नकोस, लिही. आणि भांडी राहिली आहेत अजून, जा.